पाळणाघरातल्या मुलाचं जेवण कोणी द्यायचं? डबा, काकूंचं स्वयंपाकघर आणि मधली जबाबदारी

पाळणाघर ठरवताना आईवडील फी विचारतात, वेळा विचारतात, खिडक्यांना जाळ्या आहेत का ते बघतात. जेवणाचा विषय मात्र एका वाक्यात उरकतो. "डबा द्यायचा, की तुम्ही देता?" "दोन्ही चालतं," काकू सांगतात. गोंधळ सुरू होतो तो याच उत्तरापासून. डबा घरून आला पण गरम करायचा राहिला, वरणभात पाळणाघरात होता पण "याचा डबा असतो ना" म्हणून वाढला नाही, चार वाजता दूध मिळालं हे घरी कळलंच नाही म्हणून सहाला पुन्हा दूध पाजलं आणि रात्री मूल जेवलं नाही. अन्न दोन्हीकडे असतं, तरी मूल अर्धपोटी राहतं.

यावर उपाय एकच. "जेवण" असं मोघम न बोलता दूध, सकाळचं खाणं, दुपारचं जेवण, चारचं खाणं आणि पाणी या पाच गोष्टी वेगळ्या धरायच्या. प्रत्येकीबद्दल चार गोष्टी ठरवायच्या: आणणार कोण, गरम करणार कोण, भरवणार कोण आणि उरलेलं काय करायचं. ही वाटणी मुलाच्या वयाप्रमाणे बदलते, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघावी लागते.

आधी पाळणाघर कोणत्या प्रकारचं ते बघा

सोसायटीतल्या घरगुती पाळणाघरात बहुधा डब्याचीच पद्धत असते. जोडीला काकूंच्या घरचा वरणभात मिळतो. मोठ्या डे-केअरमध्ये स्वतःचं स्वयंपाकघर असतं किंवा बाहेरून केटररचं जेवण येतं. केटरर असेल तर विचारायचा पहिला प्रश्न मेनूचा नाही, वेळेचा: अन्न शिजलं किती वाजता आणि मुलांसमोर आलं किती वाजता?

कंपनीच्या पाळणाघराचं वेगळं आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराच्या सोयीचं बंधन आलं, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी या चार भेटी म्हणजे दुधाचा अर्धा प्रश्न सुटल्यासारखाच. पण सोय आहे म्हणजे जेवणही कंपनीचं, असं गृहीत धरू नका. एचआरकडून ते लेखी घ्या.

सरकारी बाजूला अंगणवाडी आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. तिच्यात ३ ते ६ वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार केंद्रातच मिळतो, तर ६ महिने ते ३ वर्षांच्या बाळांसाठी घरी न्यायचा शिधा, म्हणजे टीएचआर, दिला जातो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या अनुसूचीत या दोन्ही वयोगटांसाठी दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण दिलं होतं. हा पूरक आहार आहे, दिवसभराचं जेवण नव्हे. नेहमीची अंगणवाडी काही तासच चालते. नोकरी किंवा मजुरी करणाऱ्या आईला दिवसभराची सोय हवी असेल तर जवळ 'पाळणा' योजनेचं अंगणवाडी-सह-पाळणाघर आहे का, ते सेविकाताईंना विचारावं. ते ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी असतं. बांधकामाच्या साइटवर मुंबई मोबाइल क्रेशेससारख्या संस्था पाळणाघरं चालवतात. तिथे डब्याची अपेक्षा धरणंच चुकीचं, कारण सकाळी सातला कामावर चढणाऱ्या आईने तो करायचा कधी?

सहा महिन्यांच्या आत: दूध घरचं, शिस्त पाळणाघराची

या वयात आईचं दूध, किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तर फॉर्म्युला, याखेरीज काहीही द्यायचं नाही. वरचं पाणी नाही, घुटी नाही, मधाचं बोट नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबातच नको, कारण त्यात बोटुलिझम ही गंभीर विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि त्यांच्याशी बाळाचं आतडं लढू शकत नाही.

काढलेलं दूध ६० ते ९० मि.लि.च्या छोट्या बाटल्यांत द्यावं. १८० मि.लि.ची एकच बाटली दिली आणि बाळाने निम्मं प्यायलं, तर बाकीचं दोन तासांत पाजावं लागतं, नाहीतर ओतून द्यावं लागतं. प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख आणि दूध काढल्याची वेळ लिहा. हे दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास आणि फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. पण एप्रिल-मेमध्ये पुण्या-नागपुरातली खोली २५ अंशांची नसते. त्यामुळे घर ते पाळणाघर हा प्रवास बर्फाच्या पॅकसह, आणि पोचल्या पोचल्या बाटल्या फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला. फ्रिजचं दार सतत उघडतं, म्हणून दारात ठेवू नयेत. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या वाडग्यात बाटली उभी धरून. गॅसवर नाही आणि मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, कारण तिथे दूध एका जागी कोमट आणि दुसऱ्या जागी चटका बसेल इतकं गरम होतं. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं. बाटलीच्या बुचाच्या खाचेत दुधाची साय अडकून राहते आणि दहा बाळांच्या गडबडीत तिथवर ब्रश पोचत नाही.

फॉर्म्युला असेल तर कोरडी पावडर मोजून डबीत द्या, तयार दूध देऊ नका. पाणी उकळून किमान ७० अंश गरम असताना, म्हणजे उकळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, त्यात पावडर मिसळायची. कारण पावडर निर्जंतुक नसते. मग भांडं नळाच्या धारेखाली धरून निववायचं. चमचा सपाट भरायचा आणि प्रमाण डब्यावर लिहिलेलंच ठेवायचं. "जड पडतं" म्हणून एक चमचा कमी घालणाऱ्या प्रेमळ मावशी प्रत्येक गावात असतात. बाळ दोन महिने वजनच घेत नाही आणि कारण कोणालाच सापडत नाही.

सहा महिने ते वर्ष: पीठ घरचं, शिजवणं तिथलं

आमच्या मते या वयात सगळ्यात चांगली चालते ती ही वाटणी. शिजवलेलं खिमट सकाळी आठला डब्यात भरून बाराला भरवण्यापेक्षा कोरडं पीठ आठवड्याचं एकदम द्यावं आणि पाळणाघराने ते ऐन वेळी शिजवावं. त्यासाठी गॅसपाशी दहा मिनिटं उभं राहील असं माणूस तिथे आहे का, एवढंच विचारायचं.

खिमटासाठी २ वाट्या तांदूळ आणि १ वाटी मूगडाळ धुऊन सावलीत खडखडीत वाळवा, मंद आचेवर खमंग भाजा आणि रवाळ दळा. एका वेळेला २ मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं (थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच), सव्वा वाटी पाण्यात ८ ते १० मिनिटं शिजवायचं आणि वरून अर्धा चमचा तूप सोडायचं. नाचणीचं सत्त्वही असंच. वर्षाच्या आत मिठाची गरज नाही आणि दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको.

किती द्यायचं? ६ ते ८ महिन्यांत दोन-तीन मोठ्या चमच्यांनी सुरुवात करून हळूहळू १२५ मि.लि.पर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. ९ ते ११ महिन्यांत साधारण तेवढंच, पण तीन-चारदा आणि मध्ये एखादं खाणं. वर्षानंतर पाऊण ते एक कप, म्हणजे १९० ते २५० मि.लि. आपली घरातली आमटीची वाटी बहुधा १५० मि.लि.च्या आसपास असते. ती एकदा मोजून घ्या आणि तशीच वाटी पाळणाघरात द्या. नाहीतर तुमची "एक वाटी" आणि त्यांची "एक वाटी" जुळत नाही.

दाटपणाची परीक्षा सोपी आहे. चमचा तिरका केला तर खिमट ओघळून जाता कामा नये, हळूच सरकावं. पाळणाघरांत होणारी सर्वांत मोठी चूक इथली आहे: "वरणाचं पाणी". कुकर उघडला की डाळ तळाशी असते आणि वर पिवळसर पाणी असतं. बाळाला पचायला हलकं म्हणून तेच भरवलं जातं. त्यात डाळ नावापुरती. पोट पाण्याने भरतं, बाळ तोंड फिरवतं, आणि वहीत नोंद होते "वरण घेतलं". डाळ घोटूनच द्यायची, हे लिहून ठेवा.

नवा पदार्थ पाळणाघरात पहिल्यांदा देऊ नये. अंडं, दाण्याचं कूट, मासा, गहू, दही हे आधी घरी, सकाळच्या वेळी, सुट्टीला लागून द्यायचं. दोन-तीन दिवस पुरळ, उलटी, ओठांची सूज काही दिसलं नाही, तर मग पाळणाघराच्या यादीत घालायचं.

एक ते तीन: डबा द्यायचा तर गणित करून

साडेसातला भरलेला डबा साडेबाराला उघडतो. पाच तास. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि दोन तासांवर ते तसं ठेवू नये हा जगभरचा नियम. म्हणजे साधा स्टीलचा डबा आणि त्यात मऊ वरणभात हे सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत धोक्याचं जोडपं. भातातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहू शकतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. उलटी घडवणारं हे विष पुन्हा गरम करून जात नाही. "आम्ही गरम करून देतो" हे वाक्य इथे उपयोगाचं नाही.

मार्ग तीन आहेत.

पहिला, गरम ते गरमच ठेवणं. दुहेरी भिंतीचा इन्सुलेटेड डबा घ्या, उकळतं पाणी भरून ५ ते १० मिनिटं झाकून ठेवा, पाणी ओता, लगेच वाफाळतं अन्न काठोकाठ भरा. अर्धा डबा रिकामा असेल तर अन्न लवकर निवतं. कंपनीच्या "आठ तास गरम" या दाव्यावर जाऊ नका. एका रविवारी साडेसातला भरा आणि साडेबाराला स्वयंपाकाचा थर्मामीटर खुपसून बघा. ६० च्या खाली असेल तर तो डबा भाताचा नाही.

दुसरा, गार ते गारच ठेवणं. रात्री शिजवलेलं पसरट ताटात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, सकाळी बर्फाच्या पॅकसह पिशवीत, तिकडे पुन्हा फ्रिजमध्ये. भरवताना एकदाच, मधोमध वाफ येईपर्यंत गरम करायचं. मायक्रोवेव्ह असेल तर मध्येच ढवळायचं, बाहेर काढून मिनिटभर थांबायचं आणि थेंब मनगटावर टाकून बघायचा. उरलेलं फेकायचं. दुसऱ्यांदा गरम नाही, घरी परत नाही.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा, पण लोक तो विसरतात: डब्यात प्रवास सोसणारंच द्यायचं. लोणी लावलेलं थालीपीठ, मुगाचं धिरडं, मऊ पोळी आणि कोरडी भाजी, मेथीचे ठेपले. वरणभात हवाच असेल तर तो पाळणाघरात ताजा शिजावा. उन्हाळ्यात ओलं खोबरं घातलेलं काहीही डब्यात नको, ते दुपारपर्यंत आंबतं. फळ अख्खं द्या. केळं तर निसर्गानेच पॅक करून दिलंय.

डब्यावर स्टिकर लावलं तर ते चार धुण्यांत जातं. भांड्यांच्या दुकानात नाव कोरून घ्या, झाकणावर आणि बुडावर दोन्हीकडे. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला त्याच्या डब्याचं झाकण स्वतः उघडता येतं का, तेही घरी बघा. चार बाजूंनी क्लिपा असलेले डबे मावशींच्याही नखांची परीक्षा बघतात.

पाळणाघरच शिजवणार असेल तर

चालक असाल तर पहिली गोष्ट एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना. १४ आकडी क्रमांक भिंतीवर दिसला पाहिजे. पालक असाल तर तो बघा, आणि केटरर असेल तर त्याचाही बघा.

१० मुलांसाठी (वर्ष ते तीनची ४ आणि तीनच्या वरची ६) दुपारच्या जेवणाला कच्चा माल साधारण असा: तांदूळ ३४० ग्रॅम (लहानांना २५, मोठ्यांना ४०), डाळ १८० ग्रॅम (१५ आणि २०), भाजी निवडून-चिरून ४६० ग्रॅम (४० आणि ५०), तूप किंवा तेल ५० ग्रॅम. पोळीच्या दिवशी तांदूळ निम्मा करून तेवढी कणीक. आठवड्यातून दोनदा उसळ, पण मूग-मटकी बोटाने चिरडेल इतकी मऊ. तुपावर हात आखडू नका. लहान पोटात मावतं थोडंच, म्हणून थोडक्यात ताकद भरायला तूपच लागतं.

वेळापत्रक उलटं मांडायचं. सव्वाबाराला वाढायचं तर पावणेबाराला शिजून तयार, म्हणजे पावणेअकराला डाळ-तांदूळ धुतलेले हवेत. नऊला शिजवून ठेवणं सोयीचं वाटतं, पण मग प्रश्न पुन्हा डब्याचाच होतो. मीठ-फोडणीच्या आधी वर्षाच्या आतल्यांचा वाटा बाजूला काढायचा. मुलांच्या आधी मोठ्या माणसाने चव घ्यायची. शालेय पोषण आहारात शिक्षकांनी चव घ्यायचा नियम आहे, तोच इथे लावावा. रोजच्या प्रत्येक पदार्थाचा १०० ग्रॅमचा नमुना स्वच्छ डबीत फ्रिजमध्ये २४ तास ठेवावा. चार मुलांना एकदम उलट्या झाल्या तर अंदाज बांधत बसावं लागत नाही.

नॅपी बदलणारी आणि भरवणारी मावशी एकच असते, हे बहुतेक पाळणाघरांचं दुखणं. वेगळं माणूस परवडत नसेल तर निदान जागा आणि रुमाल वेगळे ठेवा आणि दोन्हींच्या मध्ये साबणाने २० सेकंद हात धुतलेच पाहिजेत. हात पुसायला एकच टॉवेल सगळ्यांना, हा प्रकार बंद. चमच्याने भरवायची तान्ही एका वेळी एका मावशीकडे दोन-तीनच असावीत, आणि प्रत्येकाची वाटी-चमचा वेगळा. एकाच चमच्याने ओळीने तिघांना भरवलं तर एकाची सर्दी तिघांची होते.

घशात अडकणारं

डबा कोणाचाही असो, ही यादी दोघांकडे हवी. चार-पाच वर्षांच्या आत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे, पॉपकॉर्न, चिक्की, कच्च्या गाजराच्या चकत्या, गोळ्या आणि जेली देऊ नये. द्राक्षं उभी चार भागांत कापायची, कारण अख्खं द्राक्ष श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. चिकू, सीताफळ, बोराच्या बिया काढूनच. माशाचे काटे काढायची जबाबदारी घरची, गोव्या-कोकणातल्या घरांना हे सांगायची गरज नसते. दाणे द्यायचे तर कुटाच्या रूपात, भाजीत मिसळून. मूल बसलेलंच जेवेल, पळत नाही, आडवं पडून नाही. अडकलंच तर वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, आळीपाळीने. मोठ्या मुलाला पाठीवर थापा आणि पोटावर आत-वर झटके. लगोलग १०८. वाचून हे हाताला येत नाही, एका मावशीने तरी प्रशिक्षण घेतलेलं हवं.

कागदावर उतरवा

अर्ध्या पानाचा कागद पुरतो. चौदा महिन्यांच्या मुलासाठी तो असा दिसेल:

सकाळी ८ – नाश्ता घरी करून येणार.
१० – फळ. घरून अख्खं. पाळणाघर सोलून, कुस्करून देणार.
१२.१५ – वरणभात-भाजी, पाऊण ते एक कप. पाळणाघराचं. तूप घरून, बाटली काकूंकडे.
३.४५ – धिरडं किंवा थालीपीठ. घरून. तव्यावर गरम करून.
दूध – पाळणाघरात नाही. सकाळी आणि रात्री घरी.
पाणी – उकळलेलं, पाळणाघराचं. पेला घरून.
चालत नाही – अंडं (अंगावर पुरळ येतं). दुसऱ्याच्या डब्यातलं काहीही नाही.
उरलेलं – वहीत लिहून टाकून देणार.

दुधाची ओळ मुद्दाम आहे. वर्षानंतर दूध दिवसाला ५०० मि.लि.च्या वर गेलं की भूक मरते आणि लोह कमी पडतं. घरी दोनदा आणि पाळणाघरात दोनदा असं चार पेल्यांचं दूध कोणाच्याही लक्षात न येता पोटात जातं. चहा-बिस्किटाचंही तसंच: चारला "सगळ्यांबरोबर थोडा चहा" मिळत असेल तर तो बंद करायला सांगा, चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

रोजच्या वहीत "जेवला" लिहू नका. पाव, अर्धी, पूर्ण अशी वाटी लिहा. तीन दिवस सलग पावच असेल तर कारण शोधायचं: दात येताहेत का, दहाचं खाणं जड झालंय का, की डब्यात रोज तेच आहे. वीस-पंचवीस मिनिटांत जेवण संपलं नाही तर ताट उचलायचं. कोंबायचं नाही आणि मोबाइल दाखवायचा नाही. दोन्हीकडे हाच नियम हवा, कारण घरी मोबाइलवर जेवणारं मूल पाळणाघरात उपाशी राहतं आणि दोष स्वयंपाकाला जातो.

पैशांचंही याच कागदावर. जेवणाची रक्कम फीमध्ये धरली आहे की वेगळी, मूल आजारी असताना ती वजा होते का, गॅस-फ्रिजचा वापर कोणाच्या खात्यात. आणि डबा घरी विसरला तर त्या दिवशी पाळणाघर जेवू घालणार का, त्याचे किती, हेही लिहा. ही वेळ महिन्यातून एकदा तरी येतेच.